न दुखणारा डोळा

२०२१ सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि आमच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. घोटीत या दिवसांत हवेत तूस असतंच. भातगिरण्या सकाळपासून सुरू, बाजारपेठेच्या रस्त्यावर इंद्रायणीच्या पोत्यांच्या थप्प्या आणि अंगणातल्या तुळशीच्या पानांवरसुद्धा कोंड्याचा पिवळसर थर. दोन दिवस मी खळ्यावर येऊन-जाऊन होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात अभ्यासाला शेजारी बसली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुझ्या डोळ्यात काहीतरी अडकलंय." आरशात पाहिलं. उजव्या बुबुळाच्या खालच्या कडेला भाताच्या तुसाचा तुकडा रुतून बसला होता. भोवती पांढुरकं वर्तुळ, डोळा लाल. कधी गेला कोण जाणे. मला काहीही दुखत नव्हतं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ही म्हण मी एकतीस वर्षं मुलांना शिकवली. स्वतःच्या डोळ्यातलं कुसळ स्वतःला कळतच नाही, अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बधिर करणारा थेंब घालायला बाटली उचलली, मग थांबले. कापसाची बारीक वात करून तिचं टोक माझ्या बुबुळाला लावलं. मी पापणीसुद्धा हलवली नाही. त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि तसंच, थेंब न घालता, सुईच्या टोकानं ते तूस काढलं. मी बघत होते. सुई डोळ्याकडे येताना दिसत होती, पण टेकल्याचं कळत नव्हतं. आजवर मला आलेला तो सर्वांत विचित्र अनुभव.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, डॉक्टर नाही. पण त्यानंतर या एका विषयाबद्दल जे जे वाचता आलं ते वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं. हा लेख त्यातून झाला आहे.

सुरुवात नागिणीपासून करावी लागेल. त्याच वर्षी श्रावणात माझ्या कपाळाच्या उजव्या बाजूला आग व्हायला लागली आणि दोन दिवसांनी फोड उठले. आमच्याकडे नागिणीवर दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावतात. मोठ्या जाऊबाईंनी मायेनं लावला, मी विज्ञानाची शिक्षिका असूनही लावून घेतला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं आपल्याकडे सगळीकडे मानतात. म्हणून घरातलं प्रत्येक जण येऊन फोड कुठवर गेले ते पाही. माझे फोड भुवईपासून टाळूपर्यंत गेले आणि कपाळाच्या बरोबर मधोमध, कुंकवाच्या रेषेवर, थांबले. जणू पट्टी धरून आखलेले. जाऊबाई म्हणाल्या, लेपानं अडवलं.

लेपानं अडवलं नव्हतं. नागीण हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये पन्नास-साठ वर्षं दडून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीतून बाहेर पडतो आणि त्याच मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. प्रत्येक मज्जातंतूचा इलाखा ठरलेला आणि उजव्या-डाव्या बाजूंचे इलाखे शरीराच्या मध्यरेषेवर संपतात. म्हणून नागीण सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, म्हणून तोंड-शेपूट जुळत नाही. ती मध्यरेषा लक्षात ठेवावी. पुढे माझा डोळा वाचवायला हीच रेषा उपयोगी पडली.

चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारा मज्जातंतू म्हणजे ट्रायजेमिनल, मराठीत त्रिशाखी. नावाप्रमाणे तीन फांद्या: वरची कपाळ आणि डोळ्याकडे, मधली गालाकडे, खालची जबड्याकडे. प्रत्येक बाजूला एकेक. वरच्या फांदीच्या पुन्हा उपफांद्या होतात. त्यातल्या दोन भुवईजवळून वर कपाळात चढतात. तिसरी डोळ्याच्या आतल्या बाजूनं जाते, तिचे बारीक धागे पारपटलात शिरतात आणि एक धागा नाकाच्या शेंड्याच्या त्वचेपर्यंत पोचतो. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी यावरून एक साधी खूण सांगून ठेवली आहे: कपाळावर नागीण असताना नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला फोड दिसला, तर डोळा धोक्यात आहे असं समजावं. माझ्या नाकावर दोन फोड होते. ज्यांनी मला आधी तपासलं त्यांनी ते पाहिले आणि कपाळासाठी मलम दिलं. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून तीन दिवसांत सुरू झाल्या तर सर्वांत चांगल्या लागू पडतात. माझ्या सुरू झाल्या सातव्या दिवशी. यात त्यांचा दोष किती आणि माझ्या तांदूळ-दूर्वांचा किती, हा हिशेब मी आता करत नाही.

नागीण झालेल्या शंभर जणांपैकी साधारण दहा ते वीस जणांत ती या वरच्या फांदीवर येते. सगळ्यांचाच डोळा बधिर होतो असं नाही. ज्यांचा होतो त्यांना बहुधा ते कळत नाही, कारण न दुखणं ही काही कोणी डॉक्टरांकडे जाऊन सांगायची तक्रार नव्हे.

आता पारपटलाविषयी. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, तो. डॉक्टर कॉर्निया म्हणतात, आपण बोलण्यात सरळ बुबुळ म्हणतो. मध्यावर जाडी अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नसते. असती तर आरपार दिसलं नसतं. प्राणवायू तो हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. रक्त नाही, पण मज्जातंतू मात्र विलक्षण दाट. एका चौरस मिलिमीटरमध्ये वेदना टिपणारी सुमारे सात हजार टोकं असावीत, असा अंदाज आहे. त्वचेच्या तुलनेत ही दाटी काही शेपट मानली जाते. म्हणून तर धुळीचा एक कण आपल्याला जागच्या जागी उभा करतो.

माझा समज असा होता की ही टोकं म्हणजे फक्त पहारेकरी. कण आला, वेदना झाली, पापणी मिटली, पाणी आलं, कण वाहून गेला. पहारा उठला तर धूळ-तुसामुळे इजा होणार, म्हणून चष्मा लावून जपलं की झालं. डॉक्टरांनी हा समज मोडून काढला. फ्रान्समधले शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा मॅजेंडी यांनी १८२४ साली सशांमधला हा मज्जातंतू कापून पाहिला, तेव्हा त्या बाजूचं पारपटल गढूळ झालं, त्यावर व्रण पडले. त्यानंतर फार काळ वाद चालला, की डोळा धुळीनं खराब होतो की मज्जातंतू आणखी काही करत असतो. उत्तर दोन्ही असं आहे. ही टोकं सतत काही रसायनं झिरपवत असतात आणि त्यांच्या जिवावर पारपटलाच्या वरच्या थरातल्या पेशी वाढतात, जखम भरून काढतात. हा थर आठ-दहा दिवसांत पूर्ण नवा होत असतो. मज्जातंतू गेले की ही दुरुस्ती मंदावते. कण गेला नाही तरी थर खडबडीत होतो, मग सोलला जातो, मग व्रण, आणि शेवटी डोळ्याला भोक पडू शकतं. हे सगळं एका शब्दानं न दुखता. या आजाराला न्यूरोट्रॉफिक केरॅटोपथी म्हणतात. ट्रॉफिक म्हणजे पोषणाचं. आपल्या भाषेत, डोळ्याचं पोषण तुटलं.

नागीण हे एक कारण झालं. ओठांवर जर येतो तो हर्पिसचा विषाणू डोळ्यात गेला तरी हे होतं, मधुमेहात होतं, चुना किंवा आम्ल उडाल्यानं होतं, मेंदूच्या तळाशी असलेली गाठ काढताना त्रिशाखीला धक्का लागला तर होतं. एक कारण आमच्या महामार्गावरच्या गॅरेजांतलं आहे. वेल्डिंग करणाऱ्या पोरांच्या डोळ्यात ठिणगी जाते, एकदा कोणीतरी बधिर करणारा थेंब घालतो, जादू झाल्यासारखं दुखणं थांबतं. मग ती बाटली मिळवून पोरं रोज घालतात. तो थेंब डॉक्टरांच्या खुर्चीत एकदा घालायचा असतो. रोज घातला तर स्वतःच पारपटल खातो.

आणि महाराष्ट्रात या आजाराचा सर्वांत जुना, सर्वांत मोठा इतिहास आहे तो कुष्ठरोग्यांचा. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० सालचं. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ सालची. या संस्थांमधून आंधळे झालेले जे रुग्ण असत, त्यांच्यातल्या अनेकांचं आंधळेपण याच वाटेनं आलेलं. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर जातो. त्रिशाखी बधिर होते आणि वर चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतूही लुळा पडतो, म्हणजे डोळ्याला कळत नाही आणि पापणीही मिटत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे पुन्हा घडवण्याचं काम केलं, ते वाचताना मला प्रथम उमगलं की प्लास्टिक सर्जरी म्हणजे केवळ रूप नव्हे. पापणी मिटावी म्हणून कानशिलावरचा चावण्याचा स्नायू पापणीपर्यंत आणून जोडतात, आणि रुग्ण दात आवळून डोळा मिटायला शिकतो. संवेदना मात्र परत आणता येत नव्हती. म्हणून शिस्त शिकवली जाई: रोज आरशात डोळा पाहा, आठवणीनं पापण्या मिटा. मी पुढची सव्वा वर्षं हेच केलं. पापणी मिटणं ही आठवणीनं करायची गोष्ट झाली की दिवस किती लांब होतो ते सांगता येणार नाही.

माझे उपचार सुरू झाले. आधी साधे अश्रूंसारखे थेंब. मग स्वतःच्या रक्ताचे थेंब: हातातून रक्त काढतात, ते गोठू देतात, वरचा पिवळसर भाग वेगळा करून पातळ करतात आणि छोट्या बाटल्यांत भरून देतात. त्यात वाढीला लागणारे पदार्थ असतात. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी माझ्या रक्ताच्या बाटल्या असत आणि सूनबाईंनी कधी नाक मुरडलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते. तरीही फेब्रुवारीत व्रण पडला, तेव्हा वरची आणि खालची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात टाक्यांनी शिवली. डोळा अर्धा झाकला की थर भरून यायला मदत होते. व्रण भरला. पण अर्धी शिवलेली पापणी घेऊन लग्नकार्याला जाणं मी सोडून दिलं.

सगळे विचारत, बाई, नेत्रदानातला डोळा बसवून का घेत नाही? प्रश्न बरोबर आहे, आणि मीही तोच विचारला होता. दान मिळालेलं पारपटल स्वच्छ असतं, पण ते मज्जातंतू घेऊन येत नाही. बधिर डोळ्यात बसवलं तर त्याचीही तीच गत होते: वरचा थर भरत नाही, व्रण पडतो, दान वाया जातं. आधी पोषण, मग रोपण.

एक औषध आहे. रिटा लेवी-मोंताल्चिनी या इटालियन बाईंनी दुसऱ्या महायुद्धात, ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर काढल्यावर, तुरीनच्या घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर प्रयोग केले. पुढे अमेरिकेत त्यांनी मज्जातंतूंच्या वाढीला चालना देणारं प्रथिन शोधलं आणि स्टॅनली कोहेन यांच्यासह १९८६ चं नोबेल मिळवलं. त्याच प्रथिनाचे थेंब, नाव सेनेजर्मिन, २०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. अमेरिकेत एका डोळ्याच्या या उपचाराची किंमत लाख डॉलरच्या घरात. आमचं सगळं शेत विकूनही ते जमलं नसतं, त्यामुळे तो विचार एका संध्याकाळीच संपला.

मग डॉक्टरांनी न्यूरोटायझेशनचं नाव काढलं. कल्पना सांगायला सोपी आहे. उजव्या डोळ्याचा मज्जातंतू मेलाय, पण मध्यरेषेपलीकडे डाव्या कपाळाचा मज्जातंतू ठणठणीत आहे, कारण नागीण तिथे गेलीच नाही. त्याच्याकडून एक फाटा उजव्या डोळ्यात आणायचा. अंतर मोठं, म्हणून मध्ये जोड हवा. तो पायातून घ्यायचा. पोटरीमागून घोट्याकडे सुरल नावाचा एक मज्जातंतू जातो, त्याचं काम पावलाच्या बाहेरच्या कडेची संवेदना एवढंच. त्यावाचून चालतं.

अशा जोडणीचा प्रयत्न जर्मनीतले मेंदूशल्यचिकित्सक माजिद सामी यांनी १९७२ मध्ये नोंदवला होता, पण ती शस्त्रक्रिया कवटीतली आणि अवघड, फारशी रुजली नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ज्युलिया टर्झिस यांनी सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला: डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत छेद घेऊन त्यांनी निरोगी बाजूच्या कपाळाचे मज्जातंतूच थेट आजारी डोळ्यापर्यंत आणले. टोरांटोच्या बालरुग्णालयातल्या सर्जनांनी २०१४ च्या सुमारास पायातला जोड वापरून तो मोठा छेद टाळला. त्यांच्याकडे जन्मतःच डोळ्याला संवेदना नसलेली मुलं येत. त्या मुलांना डोळे चोळू नकोस असं सांगून काय कळणार. भारतात चंदीगडच्या पीजीआयमधून आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांकडून या शस्त्रक्रियेचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले आहेत. म्हणजे ही गोष्ट आता परदेशची राहिलेली नाही, पण अजून दुर्मीळ आहे, आणि प्रसिद्ध झालेले अभ्यास थोड्या-थोड्या रुग्णांचे आहेत. वर्तमानपत्रं चमत्कार म्हणतात तेव्हा मला जरा राग येतो. चमत्काराला शिवण लागत नाही.

माझी शस्त्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत झाली. इगतपुरीहून गाडी पकडून गेलो. चार-साडेचार तास, पूर्ण भूल. पायावर छोटे छेद घेऊन सुमारे वीतभर मज्जातंतू काढला. डाव्या भुवईखाली छेद घेऊन तिथला सुप्राट्रॉक्लिअर नावाचा तंतू शोधला. नाकाच्या दांड्यावरून, कातडीखालून बोगदा करून पायातला तुकडा उजवीकडे आणला. एक टोक डाव्या तंतूला केसाहून बारीक दोऱ्यानं शिवलं. दुसऱ्या टोकाच्या दशा सुट्या करून त्या पारपटलाच्या काठाभोवती पसरल्या आणि काठातल्या बारीक खाचांमध्ये खोवल्या.

हे ऐकून मला आवणी आठवली. वाफ्यातलं रोप उपटायचं आणि दुसऱ्या खाचरात खोवायचं. चार दिवस पिवळं पडतं, मग मूळ धरतं. पण डॉक्टरांनी उपमा दुरुस्त केली. पायातला तंतू तसा जगत नाही. त्याच्या आतले संदेश वाहणारे धागे मरतात, उरतं ते आवरण आणि त्यातल्या पोसणाऱ्या पेशी. त्या रिकाम्या नळ्यांमधून डाव्या कपाळाचे नवे धागे वाढत पुढे सरकतात. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे रोप नव्हे, पाट. पाट खणून दिला, पाणी आपल्या गतीनं येणार. दहा-बारा सेंटिमीटर जायचं तर चार महिने नुसते वाटेतच, आणि पारपटलात पसरायला आणखी.

काय मिळणार नाही तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. व्रणाचा जो पांढरा डाग पडलाय तो जाणार नाही, नजर लगेच सुधारणार नाही. संवेदना पूर्वीइतकी येईलच असं नाही, वय जास्त असेल तर कमीही येते. पावलाची कड बधिर राहील. ती राहिली आहे. चपलेचा अंगठा चांगला कळतो, बाहेरचा पट्टा कळत नाही. पावसाळ्यात तिथे एकदा चिखली झाली ती फार उशिरा दिसली. आता रात्री डोळ्याबरोबर पाऊलही पाहते.

संवेदना मोजायचं यंत्र गमतीचं आहे. पेनासारखी नळी, तिच्या टोकातून नायलॉनचा बारीक दोरा बाहेर येतो. साठ मिलिमीटर बाहेर काढला की तो लवचीक, तो टेकलेला कळला तर डोळा उत्तम. न कळल्यास दोरा आखूड करत न्यायचा, तसा तो टणक होतो. शस्त्रक्रियेआधी पाच मिलिमीटरचा टणक दोराही मला कळत नव्हता. पाच महिन्यांनी शून्य. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी दोरा टेकवला आणि माझा हात आपोआप डाव्या कपाळाकडे गेला. तिथे कोणीतरी काडी लावल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, तुमचा हात लागला वाटतं. ते हसले. त्यांचा हात उजव्या डोळ्याशी होता.

याचं कारण असं की मेंदूला धागा कुठे वळवला ते माहीत नाही. डाव्या कपाळाच्या तारेवरून संदेश आला, म्हणजे डावं कपाळ, असं तो साठ वर्षांच्या सवयीनं समजतो. अशी नोंद इतर रुग्णांमध्येही झाली आहे. काहींचा मेंदू हळूहळू नवा पत्ता शिकतो. आणि पत्ता चुकीचा असला तरी पोषण बरोबर जागी पोचतं, कारण रसायनं झिरपतात ती टोकाशी. वर्षअखेरीस आकडा तीस मिलिमीटरवर आला. व्रण पुन्हा पडला नाही. पापणीचे टाके सोडले. डागासाठी आता नेत्रपेढीतल्या पारपटलाचा विचार करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. माझा निर्णय व्हायचा आहे.

आणखी एक: नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन मात्रा. महाग आहे. जाऊबाईंनी घेतली.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा झोडणी होती. मी चष्मा लावून खळ्याच्या कडेला बसले होते, पोती मोजत. अचानक डाव्या भुवईवर टोचायला लागलं. चोळलं, थांबेना. चष्मा काढून पुन्हा चोळलं. नात आता नववीत आहे. तिनं मोबाइलचा दिवा लावून डावं कपाळ पाहिलं, काही नव्हतं. मग तिला आठवलं आणि तिनं दिवा उजव्या डोळ्यावर धरला. पाणी वाहत होतं. बुबुळाच्या काठावर तूस होतं, ताजं, अर्ध्या तासाचंही नसेल.

नाशिकला पोचलो तेव्हा दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती. डॉक्टरांनी सुई घेतली, टोक डोळ्याजवळ आणलं आणि मी डोकं मागे ओढलं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि आधी बधिर करणारा थेंब घातला.